इंग्लंडमधले मध्ययुगीन पॅरिश चर्च कसे पाहावे: नवख्यांसाठी मार्गदर्शन

इंग्लंडमध्ये शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा मुलांकडे काही महिन्यांसाठी आलेली मराठी माणसे लंडनचे वेस्टमिन्स्टर ॲबी आणि यॉर्कचे भव्य कॅथीड्रल आवर्जून पाहतात, परंतु राहत्या घरापासून दोन-तीन मैलांवर, शेतांच्या मधोमध उभे असलेले सातशे-आठशे वर्षांचे गावचे चर्च बसच्या खिडकीतून पाहून पुढे निघून जातात. आत जाऊ देतात का, आपण ख्रिस्ती नसलो तर चालते का, आणि गेलोच तर तिथे पाहायचे काय, हे तीन प्रश्न मला आजवर जवळजवळ प्रत्येक पाहुण्याने विचारले आहेत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत: दिवसा दार उघडे असेल तर कोणीही आत जावे, गावच्या चर्चला सहसा तिकीट नसते आणि धर्म कोणी विचारत नाही. तिसऱ्या प्रश्नासाठी हा लेख आहे.

कॅथीड्रलमागे बिशप आणि त्यांचा धर्मगुरुवर्ग यांचे बळ होते. पॅरिश चर्च, म्हणजे गावचे चर्च, मात्र त्या त्या गावाने सांभाळले, पैसे आले तेव्हा वाढवले, राजाज्ञा आली तेव्हा मोडले आणि पुन्हा डागडुजी करून वापरात ठेवले. त्यामुळे अशी इमारत एका हाताची, एका काळाची नसते. ती वाचायची असेल तर आधी सांधे शोधावेत. जिथे दगडाची जात बदलते, जिथे कमान चिणलेली दिसते, जिथे जिना वर चढून हवेत संपतो, तिथे थांबावे, कारण त्या ठिकाणी गावात काहीतरी घडलेले असते.

निघण्यापूर्वी

सोबत तीन वस्तू असाव्यात: साधी दुर्बीण, टॉर्च आणि हातात मावेल असा आरसा. छतावरचे कोरीवकाम दुर्बिणीशिवाय दिसत नाही, चान्सलमधल्या, म्हणजे वेदीकडच्या भागातल्या, आसनांखाली टॉर्चशिवाय पाहता येत नाही, आणि मान न दुखवता छत पाहायचे असेल तर आरसा फार उपयोगी पडतो. रविवारी सकाळी उपासना असते, तेव्हा केवळ इमारत पाहण्यासाठी जाऊ नये. दार बंद असेल तर पोर्चमधल्या सूचनाफलकावर किल्ली कोणाकडे मिळेल हे अनेकदा लिहिलेले असते. ते घर बहुधा हाकेच्या अंतरावर असते आणि किल्ली आनंदाने दिली जाते. पादत्राणे काढावी लागत नाहीत, मात्र पुरुषांनी टोपी काढण्याची रीत आहे. दाराला लोखंडी कडे असते. ते ओढण्यापेक्षा फिरवून पाहावे, कारण आतला अडसर त्यानेच उचलला जातो. दार बंद आहे असे समजून परत फिरलेल्या कित्येकांनी ते कडे फिरवलेलेच नसते.

दिशा आणि दोन भाग

चर्चची लांबी पूर्व-पश्चिम असते. पूर्वेकडच्या टोकाला वेदी, आणि तिच्याभोवतीचा जो भाग धर्मगुरूंचा, त्याला चान्सल म्हणतात. पश्चिमेकडचा मोठा भाग लोकांचा, त्याला नेव्ह म्हणतात. मनोरा बहुधा पश्चिमेला असतो. मराठी वाचकाला गाभारा आणि सभामंडप आठवणे स्वाभाविक आहे, आणि सुरुवातीला ही तुलना उपयोगीही पडते. मात्र गाभारा अंधारा आणि आटोपशीर असतो, तर चान्सलची पूर्वेकडची खिडकी ही बहुधा चर्चमधल्या सर्वांत मोठ्या खिडक्यांपैकी एक असते.

या दोन भागांविषयी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. मध्ययुगीन रिवाजाप्रमाणे नेव्हची देखभाल गावकऱ्यांवर होती आणि चान्सलची देखभाल रेक्टरवर, म्हणजे गावाच्या उत्पन्नाचा दशांश ज्याच्याकडे जाई त्याच्यावर. हा रेक्टर पुष्कळदा एखादा दूरचा मठ असे. म्हणून कित्येक चर्चमध्ये नेव्ह उंच, प्रशस्त आणि चान्सल ठेंगणे व जुनाट दिसते, कारण गावाकडे लोकरीचा पैसा आला आणि मठाने हात आखडता घेतला. कुठे याच्या नेमके उलटही दिसते. आत शिरण्यापूर्वी दोन्ही छपरांची उंची बाहेरून ताडून पाहावी.

बाहेरून एक प्रदक्षिणा

थेट आत शिरण्याचा मोह आवरावा आणि आधी चर्चभोवती एक पूर्ण फेरी मारावी. आवाराच्या फाटकावर छप्पर असेल तर ते लिचगेट होय. त्यातला 'लिच' हा प्रेतासाठीचा जुना इंग्रजी शब्द आहे. शवपेटी इथे टेकवून धर्मगुरूंची वाट पाहिली जाई. आज दिसणारी बहुतेक लिचगेटे १९ व्या शतकातली किंवा पहिल्या महायुद्धाच्या स्मरणार्थ उभारलेली आहेत. आवारात यू नावाचे सदाहरित झाड असेल तर तो वृक्ष चर्चपेक्षाही जुना असू शकतो. शतकानुशतके दफने झाल्यामुळे आवाराची जमीन वर आलेली असते. भिंतीलगतची चर पाहिली की चर्च जमिनीत रुतल्यासारखे का वाटते ते कळते.

नंतर भिंतीचा दगड पाहावा. रेल्वे येण्यापूर्वी दगडाची वाहतूक इतकी महाग होती की जवळ जे मिळे त्यातच बांधकाम होई, म्हणून चर्चची भिंत पाहून पायाखालचा भूगर्भ ओळखता येतो. कॉट्सवोल्ड्समध्ये मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड, कॉर्नवॉलमध्ये ग्रॅनाइट, आणि नॉर्फक-सफकमध्ये चांगल्या दगडाची वानवा असल्यामुळे शेतात सापडणारी गारगोटी. गारगोटीच्या भिंतीला टोकदार कोपरे काढणे अवघड, आणि पूर्व इंग्लंडात इतके गोल मनोरे का, याचे एक नेहमीचे स्पष्टीकरण हेच दिले जाते. पुढे त्याच भागातल्या कारागिरांनी गारगोटी फोडून तिचा काळा चकचकीत भाग बाहेर ठेवला आणि पांढऱ्या दगडाच्या चौकटीत तो बसवून भिंतींवर नक्षी आणि अक्षरेही काढली. सफकमधल्या लाँग मेलफर्डच्या चर्चवर १५ व्या शतकाच्या उत्तरार्धात देणगीदारांनी अशाच अक्षरांत आपली नावे आणि आपल्या आत्म्यासाठी प्रार्थना करण्याची विनंती बाहेरच्या भिंतीवर, वरच्या कठड्याखाली ओळीने लिहवून घेतली आहे. मान वर करून, चालत चालत ती वाचता येते.

मनोऱ्याच्या पूर्वेकडच्या अंगावर, नेव्हच्या छपराच्या वर, उलट्या व्हीसारखी तिरपी रेघ दिसते का ते पाहावे. ती जुन्या, उतरत्या छपराची खूण असते. पुढे गावाने भिंती उंचावून वरच्या बाजूला खिडक्यांची ओळ काढली, जिला क्लिअरस्टोरी म्हणतात, आणि जवळपास सपाट छप्पर घातले. मनोऱ्याने मात्र जुन्या छपराचा वण तसाच जपला. नवख्या माणसाला स्वतःहून सापडणारा हा बहुधा पहिला सांधा असतो, आणि तो सापडल्याचा आनंद मोठा असतो.

कठड्यावर वाकुल्या दाखवणारे विद्रूप चेहरे दिसले तर त्यांच्या तोंडातून पावसाचे पाणी बाहेर पडते का ते बघावे. पाणी वाहून नेणाऱ्यालाच गारगॉइल म्हणतात; बाकीचे केवळ शोभेचे. हेरफर्डशायरमधल्या किलपेक या लहानशा चर्चच्या छपराखाली १२ व्या शतकातले असे कोरीव चेहरे आणि प्राणी रांगेने बसलेले आहेत, त्यात एक ससा आणि कुत्राही शेजारी शेजारी आहेत. त्यांच्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करावी.

खिडकीवरून काळ ओळखणे

१८१७ साली टॉमस रिकमन या वास्तुरचनाकाराने इंग्लंडच्या मध्ययुगीन वास्तुशैलींची जी नावे रूढ केली, तीच आजही चालतात, आणि त्यांची ओळख करून घेण्याचा सोपा मार्ग म्हणजे खिडकी. १०६६ पूर्वीचे अँग्लो-सॅक्सन काम विरळा आहे. डरहॅम परगण्यातले एस्कम आणि नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या अर्ल्स बार्टनचा मनोरा ही त्याची ठळक उदाहरणे. १०६६ नंतरची नॉर्मन खिडकी लहान, वर अर्धगोल, आणि जाड भिंतीत आतल्या बाजूने पसरत गेलेली असते. सुमारे ११८० नंतर कमान टोकदार होते आणि खिडकी भाल्याच्या पात्यासारखी उंच व अरुंद होते. ही लॅन्सेट खिडकी म्हणजे अर्ली इंग्लिश शैलीची खूण. १३ व्या शतकाच्या मध्यानंतर एका मोठ्या कमानीखाली अनेक झरोके एकत्र येतात आणि त्यांच्या वरच्या भागात दगडी जाळी विणली जाते. आरंभी ती वर्तुळांची, आणि १३०० च्या पुढे ज्योतीसारख्या वळणांची. ही डेकोरेटेड शैली. १३४८-४९ च्या प्लेगच्या साथीच्या आगेमागे पर्पेंडिक्युलर शैली सुरू होते: जाळीतले दगडी दांडे सरळ वर जाऊन कमानीला भिडतात, खिडक्या रुंद होतात, भिंत कमी आणि काच जास्त होते. पुढची जवळजवळ दोनशे वर्षे हीच शैली चालली.

इथे दोन सावधगिरीच्या सूचना. खिडकीचा काळ म्हणजे भिंतीचा काळ नव्हे. जुन्या नॉर्मन भिंतीत १५ व्या शतकातली खिडकी बसवणे ही नेहमीचीच गोष्ट होती, आणि काही वेळा बुजवलेल्या जुन्या खिडकीची अर्धी कमान शेजारीच दिसते. दुसरे म्हणजे व्हिक्टोरियन काळात या साऱ्या शैलींचे हुबेहूब अनुकरण झाले. कडा धारदार, दगड एकसारखा आणि कोरीवकाम फारच नेटके असेल तर शंका घ्यावी. लॅन्सेट खिडक्यांशी ओळख करून घेण्यासाठी मुंबईकरांना इंग्लंडला जाण्याची गरज नाही. १८५८ मध्ये अर्पण झालेले कुलाब्याचे अफगाण चर्च म्हणजे याच अर्ली इंग्लिश शैलीचे १९ व्या शतकातले अनुकरण आहे.

पोर्च

प्रवेश बहुधा दक्षिणेच्या पोर्चमधून असतो. ही जागा केवळ पावसापासून आडोसा म्हणून नव्हती. मध्ययुगात विवाहाची वचने चर्चच्या दाराशी दिली जात आणि त्यानंतर वधूवर आत मिस्सेला, म्हणजे वेदीवरच्या मुख्य उपासनेला, जात. व्यवहाराचे करारही इथे होत. दाराजवळ भिंतीत लहान कोनाडा आणि त्यात फुटके दगडी भांडे दिसले तर ते पवित्र पाण्याचे, आत शिरताना बोटे बुडवण्याचे.

दाराच्या आसपासच्या दगडावर हात न लावता बारकाईने पाहावे. मधोमध एक भोक आणि त्यापासून खाली फाकलेल्या रेघा दिसल्या तर ती मिस्सेची वेळ दाखवणारी सूर्यघडी आहे. भोकात काडी खोवून तिची सावली पाहिली जाई. अशी सूर्यघडी काही ठिकाणी पोर्चच्या आत, जिथे ऊन पोहोचूच शकत नाही अशा जागी सापडते. याचा अर्थ एकच: घडी कोरली तेव्हा पोर्च नव्हता. कोणत्याही पुस्तकाची मदत न घेता, दोन गोष्टींतली आधीची कोणती हे इथे उभ्या उभ्या ठरवता येते.

आत: आधी बाप्तिस्म्याचे कुंड

आत पाऊल टाकताना खाली पाहावे, कारण बाहेरची जमीन उंचावल्यामुळे पुष्कळदा पायऱ्या उतराव्या लागतात. डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन मिनिटे उभे राहावे. चर्चच्या पश्चिम भागात, दारापासून जवळच दगडी कुंड असते, त्याला फाँट म्हणतात. बाप्तिस्मा हा ख्रिस्ती समाजातला प्रवेश, म्हणून कुंडही प्रवेशाजवळ. इमारत कितीही वेळा बदलली तरी फाँट टाकून देण्याचा जीव लोकांना होत नसे, त्यामुळे चर्चमधली सर्वांत जुनी वस्तू अनेकदा हीच असते.

फाँटच्या काठावर समोरासमोर दोन ठिकाणी दगडाचे तुकडे बसवून दुरुस्ती केलेली किंवा लोखंडाचे गंजके डाग दिसतात. आशीर्वादित पाणी चोरून जादूटोण्यासाठी वापरले जाण्याच्या भीतीने १२३६ मध्ये फाँटवर कुलूपबंद झाकण ठेवण्याचा आदेश निघाला होता, आणि हे वण त्या कुलपांच्या कोयंड्यांचे आहेत. पुढे काही ठिकाणी झाकणाचेच शिल्प झाले. सफकमधल्या अफर्ड येथील लाकडी झाकण सुमारे १८ फूट उंच आहे, वर निमुळते होत जाते, आणि टोकाला स्वतःच्या छातीच्या रक्तावर पिल्ले पोसणारा पेलिकन पक्षी आहे. त्याचा खालचा भाग दुर्बिणीच्या नळीसारखा वर सरकतो, म्हणजे बाप्तिस्म्यासाठी ते काढून ठेवावे लागत नाही. १६४४ मध्ये मूर्तिभंजनाचे अधिकारपत्र घेऊन सफक पालथे घालणारा विल्यम डाउसिंग या चर्चमध्ये येऊन गेला, तरीही ते झाकण आज जागेवर आहे.

नॉर्फक-सफकमध्ये अष्टकोनी फाँटच्या सात बाजूंवर सात संस्कार कोरलेले आढळतात. अशी सुमारे ४० कुंडे शिल्लक आहेत. त्यांतल्या बहुतेकांवरच्या आकृत्यांची डोकी छिन्नीने उडवलेली आहेत. तो घाव नजरेत भरून ठेवावा, कारण पुढे तो वारंवार दिसणार आहे.

नेव्ह: खांब, छत आणि हरवलेले रंग

नेव्हच्या दोन्ही बाजूंना खांब-कमानींची रांग असेल तर त्यापलीकडच्या पडवीसारख्या भागाला आइल म्हणतात. बहुतेक ठिकाणी आधी साधी भिंत होती; लोकवस्ती वाढली, जास्तीच्या वेदी हव्या झाल्या, तेव्हा त्या भिंतीत कमानी पाडून बाहेर आइल जोडले गेले. कमानींच्या वर, कशाशीही मेळ न बसणारी एखादी लहान अर्धगोल खिडकी दिसली तर ती त्या मूळ बाहेरच्या भिंतीची खिडकी आहे, आता आतल्या आत उघडणारी. खांब जाड आणि गोल असतील तर नॉर्मन. शिर्षावर ताठ वळलेली पाने असतील तर १३ वे शतक. सडपातळ खांब आणि कमानीपर्यंत न थांबता गेलेल्या रेघा असतील तर १५ वे. उत्तर आणि दक्षिण बाजूचे खांब वेगळे असले तर गोंधळू नये. पैसा एकदम मिळाला नव्हता, इतकाच त्याचा अर्थ.

मग दुर्बीण काढावी. केंब्रिजशायरमधल्या मार्च या गावच्या सेंट वेंड्रेडा चर्चच्या ओक लाकडी छताला सुमारे १२० देवदूत पंख पसरून टेकलेले आहेत, आणि पूर्व इंग्लंडातली अनेक साधी दिसणारी चर्चही वर पाहिल्यावर अशीच चकित करतात. छत उंच असल्यामुळे मूर्तिभंजकांच्या शिड्या तिथवर क्वचितच पोहोचल्या.

भिंतींबद्दल एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. उघड्या ओबडधोबड दगडाची आतली भिंत पाहून 'किती अस्सल, किती प्राचीन' असे वाटते, पण ते रूप पुष्कळदा १९ व्या शतकात गिलावा खरवडून काढल्यामुळे आले आहे. मध्ययुगीन माणसाला ही भिंत अर्धवट बांधलेली वाटली असती. तेव्हा आत गिलावा होता, त्यावर चित्रे होती, आणि खांब, मूर्ती, छतही रंगवलेले होते. खरवडण्याच्या या लाटेविरुद्ध विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या संरक्षणासाठी संस्था स्थापन केली, ती आजही कार्यरत आहे. दाराच्या समोरच्या भिंतीवर चित्राचे अवशेष असतील तर तो बहुधा बालयेशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा सेंट क्रिस्टोफर असतो. त्याचे दर्शन झाले की त्या दिवशी अवचित मरण येत नाही अशी श्रद्धा होती, म्हणून तो वाटेवरून, दारातून दिसेल असा काढत. यॉर्कशायरमधल्या पिकरिंगच्या चर्चमध्ये नेव्हच्या भिंती अशा चित्रांनी भरलेल्या आहेत. १८५२ मध्ये ती सापडली, तेव्हाच्या धर्मगुरूंना न रुचल्याने पुन्हा चुन्याखाली गेली, आणि त्याच शतकात पुन्हा उघडण्यात आली.

बसण्याच्या बाकांवर फार वेळ घालवू नये. मध्ययुगात बराच काळ लोक उभेच राहत आणि अशक्तांसाठी भिंतीलगत दगडी कट्टा असे. १५ व्या शतकातली बाके टिकून असतील तर त्यांच्या टोकाच्या फळ्यांवरचे कोरीवकाम तेवढे पाहावे. प्रवचनाचे व्यासपीठही बहुतेक ठिकाणी धर्मसुधारणेनंतरचे, म्हणजे १६ व्या शतकात इंग्लंडचे चर्च पोपपासून वेगळे होऊन प्रॉटेस्टंट झाले त्यानंतरचे असते.

चान्सलची कमान आणि स्क्रीन

नेव्ह आणि चान्सल यांच्यामधली ही सीमा सर्वांत काळजीपूर्वक पाहावी, कारण इंग्लंडच्या धर्मसुधारणेचे घाव इथे सर्वाधिक दिसतात. मध्ययुगात या कमानीत कोरीव लाकडी स्क्रीन, म्हणजे आडपडदा, असे. स्क्रीनवर एक माळा, आणि त्यावर क्रुसावरचा येशू, एका बाजूला मरिया, दुसऱ्या बाजूला योहान. या मूर्तिसमूहाला रूड म्हणत. १५४७-४८ मध्ये सहाव्या एडवर्डच्या राजवटीत रूड उतरवले गेले, कॅथलिक मेरी राणीच्या काळात काही परत आले, एलिझाबेथच्या काळात पुन्हा गेले, आणि १५६१ च्या आदेशाने माळेही पाडण्यात आले. खालची स्क्रीन मात्र ठेवावी असे त्या आदेशात होते. म्हणून आज कमानीशेजारच्या भिंतीत अरुंद दार दिसते, आत दगडी जिना वर चढतो, आणि वरच्या दारातून बाहेर पाऊल टाकायला काहीच नसते. अशा जिन्याला हवेतला जिना समजून हसून सोडू नये. माळ्यावर दिवे लावायला जाणाऱ्यांच्या पावलांनी त्या पायऱ्या झिजल्या आहेत. नॉर्फकमधल्या रॅनवर्थ येथे १५ व्या शतकातली रंगीत स्क्रीन आजही उभी आहे. जिथे जिथे अशा स्क्रीन उरल्या आहेत, तिथे अनेक संतांचे वस्त्रालंकार शाबूत आणि चेहरे मात्र खरवडलेले दिसतात.

रूडच्या मागे, कमानीच्या वर, अंतिम न्यायाचे मोठे चित्र असे, त्याला डूम म्हणतात. सफकमधल्या वेनहॅस्टन या खेड्यातले डूम जवळून पाहण्यासारखे आहे. ते भिंतीवर नसून लाकडी फळ्यांवर, १५०० च्या आगेमागे रंगवलेले आहे. धर्मसुधारणेच्या काळात त्यावर चुन्याचा हात फिरला आणि लोक ते विसरून गेले. १८९२ मध्ये दुरुस्तीच्या वेळी त्या पांढऱ्या फळ्या निरुपयोगी म्हणून काढून आवारात टाकल्या, रात्री पाऊस झाला, चुना धुऊन गेला, आणि सकाळी फळ्यांवरून चेहरे वर पाहू लागले. आज चर्चमध्ये त्या फळ्यांसमोर उभे राहिले की डावीकडे स्वर्गाच्या दाराशी सेंट पीटर चार नग्न आत्म्यांचे स्वागत करताना दिसतो; राजा, राणी, बिशप आणि कार्डिनल, सर्वांच्या अंगावर केवळ डोक्यावरचे मुकुट-टोप तेवढे उरले आहेत. मध्यभागी देवदूत मायकेल तराजूत आत्मा तोलतो आहे, आणि उजवीकडे नरकाचा जबडा आहे. मात्र या साऱ्यापेक्षा मन खिळवून ठेवतात त्या चित्रामधल्या तीन रिकाम्या जागा: एक क्रुसाच्या आकाराची आणि दोन उभ्या माणसांच्या आकाराच्या. रूडच्या लाकडी मूर्ती याच फळ्यांना जडवलेल्या होत्या, चित्रकाराने त्यांच्याभोवती रंग भरला, आणि मूर्ती गेल्यावर त्यांचे कोरे आकार राहिले. इंग्लंडभरातल्या हजारो चर्चमधून जे नाहीसे झाले, त्याची आकृती इथे डोळ्यांना दिसते.

चान्सलच्या आत

वेदीच्या उजव्या हाताला, दक्षिणेच्या भिंतीत, कोनाडा आणि त्याच्या तळाला भोक असलेली उथळ वाटी असते. हे पिसिना, मिस्सेची पात्रे धुतलेले पाणी इथून भिंतीतून थेट पवित्र भूमीत मुरे. पिसिना लक्षात ठेवण्याचे खरे कारण वेगळे आहे: ते जिथे दिसेल, तिथे एके काळी वेदी होती. आइलच्या कोपऱ्यात, आज जिथे झाडू-बादल्या किंवा खुर्च्यांची चळत असते, तिथे भिंतीत पिसिना सापडले तर त्या जागी उपवेदी होती आणि मृतांच्या आत्म्यांसाठी तिथे मिस्सा म्हटल्या जात असणार. अशा मिस्सांसाठीच्या देणग्या १५४७ च्या कायद्याने जप्त झाल्या. तिथून चान्सलकडे तिरपे भोक पाडलेले असेल तर उपवेदीवरच्या धर्मगुरूला मुख्य वेदी दिसावी यासाठी ते होते.

पिसिनाशेजारी तीन दगडी आसने असतात ती धर्मगुरू आणि त्यांच्या दोन साहाय्यकांची. समोरच्या उत्तर भिंतीत क्वचित 'ईस्टरची कबर' आढळते: पवित्र शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद आणि क्रूस तिथे ठेवून ईस्टरच्या पहाटेपर्यंत जागता पहारा देत. लिंकनशायरमधल्या हेकिंग्टन येथे तिच्या तळाशी कबरीचे पहारेकरी शिपाई गाढ झोपलेले कोरले आहेत, आणि त्यांचे पेंगणे दगडात इतके खरे उतरले आहे की तिथून पाय निघत नाही. मूळ दगडी वेदी बहुतेक ठिकाणी मिळणार नाही. १५५० मध्ये त्या काढून लाकडी मेज ठेवण्याचा हुकूम झाला. काही वेदीशिळा जमिनीत फरशी म्हणून उलथ्या-पालथ्या बसवल्या गेल्या, म्हणून चालताना पाच लहान क्रूस कोरलेली मोठी शिळा पायाखाली दिसते का ते पाहावे.

मोठ्या गावांच्या चर्चमध्ये चान्सलला घडीची लाकडी आसने असतात. आसन वर उचलले की खाली एक छोटी फळी येते. लांब प्रार्थनेत उभ्या धर्मगुरूला तिच्यावर टेकता येई. त्या फळीखाली सुतारांनी जे कोरले त्यात धर्म कमी आणि बाजार, घर, शेत जास्त आहे. श्रॉपशायरमधल्या लडलो येथे अशी २८ आसने आहेत, आणि त्यांतल्या एकावर मापात पाप करणारी मद्यविक्रेती आपल्या मापासह नरकात नेली जाते आहे.

जमिनीवर पितळी पत्रे बसवलेले असतील तर गालिचा असल्यास परवानगीने उचलावा आणि पत्र्यावर पाय देऊ नये. ग्लॉस्टरशायरमधल्या नॉर्थलीच येथे लोकरीचे व्यापारी याच पत्र्यांवर कोरलेले आहेत. १४५८ मध्ये मरण पावलेल्या जॉन फोर्टी याचा एक पाय मेंढीवर आणि दुसरा लोकरीच्या गाठोड्यावर आहे. मान वर केली की त्याच्याच पैशातून उभारलेले नेव्हचे उंच काम दिसते. त्याच परगण्यात फेअरफर्ड येथे १५०० ते १५१७ च्या सुमारास बसवलेल्या २८ खिडक्यांची रंगीत काच जवळजवळ पूर्ण टिकली आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या कोणत्याही पॅरिश चर्चमध्ये ती इतकी पूर्ण उरलेली नाही. तिथे सकाळी स्वच्छ उन्हात जावे आणि संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीसाठी पुन्हा यावे.

परत फिरताना

मनोऱ्याच्या तळाशी घंटांचे दोर गुंडाळून बांधलेले असतात. ते ओढू नयेत. घंटा उलटी उभी ठेवलेली असली तर दोर हिसका देऊन माणसाला उचलून नेतो. भिंतीवर राजचिन्ह रंगवलेली फळी असेल तर ती राजा चर्चचा प्रमुख झाल्याची जाहिरात समजावी. कोपऱ्यातली जुनी ओकची पेटी उघडण्याचा प्रयत्न न करता तिची कुलपे मोजावीत. १५३८ पासून गावातले बाप्तिस्मे, विवाह आणि दफने नोंदवणे सक्तीचे झाले, आणि १६०३ च्या नियमाने त्या वह्यांच्या पेटीला तीन कुलपे ठरवली: एक किल्ली धर्मगुरूकडे, दोन चर्चवॉर्डनांकडे (चर्चची व्यवस्था पाहणाऱ्या गावकऱ्यांकडे), म्हणजे तिघे जमल्याशिवाय पेटी उघडू नये.

दाराजवळ पाहुण्यांची वही असते, तिच्यात नाव-गाव मराठीत लिहायला हरकत नाही. छपरावरचे शिसे आणि भिंतीतला ओलावा यांचा खर्च आजही मुख्यतः गावावरच असतो, म्हणून दानपेटीत शक्य ते टाकावे. दिवे लावले असतील तर मालवावेत. पोर्चला जाळीचे दार असेल तर ते कडी लागल्याचा आवाज येईपर्यंत ओढून घ्यावे, कारण वसंतात पाकोळ्या आत शिरतात, उंच खिडक्यांवर धडकत राहतात आणि चर्च पुन्हा उघडेपर्यंत त्यांना पाणी मिळत नाही.